टेबल कुणी हलवलं

दि. २ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कानातलं नवं यंत्र तू पुन्हा डबीत घालून कपाटात ठेवलंस, असं दादाने कळवलं. म्हणजे फोनचा प्रश्नच मिटला. मी इकडून डोकं दुखतंय म्हणून सांगणार आणि तू तिकडून जेवण झालं म्हणून सांगणार. त्यापेक्षा पत्रच बरं. निदान वहिनी तुला ते मोठ्याने वाचून दाखवणार नाही, तू स्वतःच वाचशील.

इकडे सगळे ठीक. चिमणीचा पुढचा दात पडला आणि ती आता सात वर्षांची म्हातारी दिसते. तिच्या बाबाची पावाची गाडी पहाटे पाचला निघते ती दुपारी परत येते, त्यामुळे तिला शाळेतून आणणं त्याच्याकडे आणि शाळेत पोचवणं माझ्याकडे. गोदीत जहाजांची रीघ लागली आहे. मी चार तास क्रेनवर, मग तासभर खाली, मग पुन्हा वर. आमच्या केबिनला पायाखाली काच असते हे तुला सांगितलं होतंच. ओणवं होऊन दोन गुडघ्यांमधून खाली बघत राहायचं, आणि डबा (म्हणजे कंटेनर, पण आम्ही डबाच म्हणतो) चारही कोपरे सांभाळून उचलायचा नि ठेवायचा. तुझं शिवणाचं डोळ्यांचं काम नको म्हणून पळाले, आणि येऊन पडले कुठे बघ.

आता डोक्याचं. तू प्रत्येक पत्रात विचारतेस आणि मी प्रत्येक पत्रात विषय बदलते, म्हणून एकदाच नीट सांगून टाकते. दुखणं वाढलंय. डाव्या डोळ्यामागे कुणीतरी स्क्रू आवळत बसल्यासारखं होतं, उजेड नको, वास नको, माणूस नको. अशा दिवशी मी आमच्या मामांबरोबर कामाची पाळी बदलून घ्यायचे. मामा म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने क्रेनवाले, जगाचे मामा. त्यांना दर वेळी सांगायचे की चिमणीच्या शाळेत बोलावलंय. परवा त्यांनी शांतपणे विचारलं की ही कसली शाळा, जी आईला बरोबर चार आठवड्यांनी बोलावते. मला हसूच फुटलं. घरी येऊन कॅलेंडर काढलं, तर म्हाताऱ्याचं गणित चोख. दुखणं दर महिन्याला पाळीच्या दोन दिवस आधी येतं आणि पहिल्या दिवसानंतर जातं. इतकी वर्षं मी झोप, ऊन, उपाशीपोट, तुझा मोठा मुलगा, अशा सगळ्यांना दोष देत होते.

मग गोदीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, ऐकून घेतात. म्हणाल्या की पाळीच्या तोंडावर शरीरातलं एक संप्रेरक धाडकन खाली येतं, काहींना ते सोसत नाही, आणि चाळिशी जवळ आली की हे चढउतार आणखी वाढतात. त्यांनी बरेच प्रश्न विचारले. दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही येतं का, नागमोडी रेघा, चमक, एका बाजूचं दिसेनासं होणं, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी संप्रेरकांची पातळी सारखी ठेवणारी एक गोळी दिली, ती पुढच्या पाळीपासून सुरू करायची. वर चढण्यासाठी लागणारा वर्षाचा फिटनेसचा कागदही त्याच सही करतात, तो मे महिन्यात.

मागच्या दुखण्यात मात्र माझा तोल गेला. सकाळची घाई, मी कपात दूध ओतत होते, आणि चिमणीने कोपराला धक्का दिला. अर्धा लिटर दूध टेबलावरून तिच्या दप्तरात. मी इतकी ओरडले की शेजारच्या बाई दार उघडून बघायला आल्या. कार्टी आता जेवायच्या वेळी टेबलाशी हात पाठीमागे धरून उभी राहते आणि बस म्हटल्याशिवाय बसत नाही. माझ्यावरच गेली आहे. गोदीत मलाही सगळे इन्स्पेक्टर म्हणतात, कुणाच्या टेबलाशी गेले की माझे हात आपोआप पाठीमागे.

पत्र लांबलं. लोभ आहेच, तो वाढवताना कान तेवढा दुरुस्त करून घे.

तुझी,
धाकटी


दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. वहिनीला दिलं नाही. यंत्राचं म्हणशील तर त्यात मला दादाचं घोरणं ऐकू येतं आणि कामाचं काही येत नाही, मग कशाला घालायचं? ऐंशी टक्के बोलणं ऐकण्यासारखं नसतंच, हे या वयात कळतं.

तुझ्या दुखण्याला आमच्यावेळी अर्धशिशी म्हणायचे. मला ती होती. तू म्हणशील की मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्या वडिलांना मी पित्त म्हणून सांगायचे आणि तुम्हा दोघांना सांगायचे की मोठं काम आलंय, माप चुकेल, आवाज करायचा नाही. मग शिवणाच्या खोलीचं दार लावून फरशीवर पडून राहायचे. फरशी गार असते. दादाने एकदा विचारलं होतं की काम मोठं आहे तर मशीन का वाजत नाही, तर त्याला एक धपाटा मिळाला. बिचारा. पोरगं खरं बोललं की धपाटा ठरलेला.

एक्कावन्नाव्या वर्षी पाळी गेली आणि तिच्यामागून अर्धशिशीही गेली. सांगायचं एवढंच की याला शेवट आहे. तोवर खोलीत अंधार कर, डोक्याला फडकं घट्ट बांध आणि उपाशी राहू नकोस. पाणी पी. तुझ्या त्या केबिनमध्ये पाण्याची बाटली असते की नाही? आणि उतरायला नको म्हणून पाणी पीत नाहीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी तुला जन्म दिलाय.

मामांना माझा नमस्कार सांग. असा एक तरी माणूस कामावर असावा.

आता एक विचारते, त्याचं नीट उत्तर दे. दूध कपाच्या कोणत्या बाजूला सांडलं? आणि पोरगी तेव्हा तुझ्या कोणत्या बाजूला होती? उगाच विचारत नाही. चिमणीला माझा पापा. तिला म्हणावं, दात पडला की दुसरा येतो, आजीचे तेवढे येत नाहीत.

बाकी इकडे सारं जिथल्या तिथे. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
आई


दि. २२ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला अर्धशिशी होती हे वाचून मी थक्क झाले. आम्हाला वाटायचं तू घुश्शात आहेस. दादा आणि मी दाराबाहेर बसून हिशोब लावायचो की आज कुणाचं काय चुकलं. बहुतेक वेळा माझं निघायचं.

गोळी सुरू करून तीन दिवस झाले. अजून काही कळत नाही, महिनाभर थांबा म्हणाल्या. खोक्यात एक भलामोठा कागद घडी घालून असतो, कुणी घेऊ नये, कधी घेऊ नये. सगळं वाचत बसलं तर माणूस पाणीही पिणार नाही. मी तो परत घडी घालून ठेवला.

गोळीच्या आधीचा फेरा मात्र वाईट गेला. अठरा तारखेला मामा सुट्टीवर होते, पाळी बदलायला कुणी नव्हतं, म्हणून मी वर गेले. दुखायला लागलं नव्हतं. एक डबा जहाजातून उचलून बंदरावर ठेवताना त्याचा पुढचा कोपरा शेजारच्या थप्पीवर आदळला. दोन्ही डबे चेपले. खाली शिट्टी उभा होता, तो उडी मारून मागे झाला म्हणून वाचला. शिट्टी म्हणजे आमचा खालून खुणा करणारा माणूस. बोलतो कमी, शिट्टी वाजवतो जास्त, म्हणून ते नाव पडलं. मी खाली उतरले तेव्हा मुकादमांनी विचारलं की काय झालं. मी म्हटलं, खूण उशिरा आली.

मुकादमांनी त्याला विचारलं. तो टोपी काढून म्हणाला, आली असेल उशिरा, मला वाटतं माझंच लक्ष चुकलं. चौकशी होईपर्यंत त्याला गोदामात बसवलंय, हातमोज्यांच्या जोड्या लावायला. परवा दिसला. मला बघून हसला, वर म्हणाला की ताई, थोडक्यात निभावलं, मी तुम्हाला गोत्यात आणलं होतं. मला जेवण गेलं नाही. का ते तू विचारू नकोस.

हे काम मला कसं मिळालं ते तुला माहीत आहे ना? दोन वर्षं मी गोदामात हातमोजे वाटले, तीन वर्षं डब्यांचे नंबर लिहिले, चार वर्षं मामांच्या मागे उभी राहून शिकले. वर पोचले तेव्हा खाली पैजा लागल्या होत्या की बाई कधी रडत उतरते. मे महिन्यात त्या कागदावर सही झाली नाही तर मी पुन्हा हातमोज्यांवर. सगळ्या गोष्टी सगळ्यांना सांगायच्या नसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चिमणीने शाळेत क्रेनचं चित्र काढलं, त्यात मी क्रेनपेक्षा मोठी आहे. बाबाने ते पावाच्या गाडीत लावलं.

लेकीवरचा जीव आहे तितकाच ठेव, त्याहून जास्त प्रश्न नकोत.

तुझी,
धाकटी

ता. क. दूध डाव्या बाजूला सांडलं. चिमणी... आता आठवून बघते तर ती समोर होती, खुर्चीत. कशाला विचारतेस?


दि. २८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

कशाला विचारते ते आता लिहिते. चार दिवस कागद पुढे घेऊन बसले होते. वहिनीला वाटलं की मी मृत्युपत्र करते आहे, ती फार प्रेमाने वागते आहे.

तू सात वर्षांची होतीस. आमच्या गल्लीच्या टोकाला दवाखान्यातली नर्स राहायची, तिच्या लग्नाच्या झग्याचं कापड माझ्याकडे आलं होतं. पांढरं, जाड, अंगावर लाटेसारखं पडणारं. तिने ते परदेशातल्या बहिणीकडून मागवलं होतं, तसं दुसरं मिळणार नव्हतं. मी ते कटिंगच्या टेबलावर पसरलं, खडूने आखलं. तू टेबलाच्या त्या टोकाला हनुवटी टेकवून बघत होतीस. तुला कात्रीचा आवाज आवडायचा.

मी कात्री लावली आणि डाव्या बाजूचं कापड नाहीसं झालं. आधी एक चमकती रेघ आली, करवतीच्या दातांसारखी, ती थरथरत मोठी झाली, आणि तिच्या आत काहीच नव्हतं. काळंही नाही. नुसतं नव्हतं. मला ते नवीन नव्हतं. दुखायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं असं व्हायचंच, आणि मी थांबायचेही. त्या दिवशी थांबले नाही. नर्स संध्याकाळी यायची होती. वाटलं, अंदाजाने जाईल. कात्री खडूची रेघ सोडून सरळ छातीच्या भागात गेली.

नर्स आली, तिचा चेहरा पडला, आणि मी सांगितलं की पोरीने टेबल हलवलं.

धाकटे, तू टेबलाला हात लावला नव्हतास. हनुवटी टेकली होती तीही तू श्वास रोखून टेकली होतीस. मी तुझ्याकडे बघितलं, वाटलं की ही आता म्हणेल मी नाही हलवलं, आणि मग मला खरं सांगावं लागेल. पण तू म्हणालीस, हललं असेल माझ्याकडून. मग रडलीस. नर्सने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली लहान आहे. आणि मी सुटले.

खरं सांगितलं असतं तर डोळे गेलेल्या शिंपिणीकडे कोण कापड टाकणार? गल्लीत दुसऱ्या दिवशी बातमी. तेव्हा मला हे अगदी बरोबर वाटलं होतं. पोरांचं काय, पोरं विसरतात. तू विसरलीस, असं मी धरून चालले. पण तू त्यानंतर त्या खोलीत आलीस की दारातच उभी राहायचीस, हात पाठीमागे. मी ते रोज बघितलं. एकतीस वर्षं मला माहीत आहे की तुझे हात पाठीमागे का जातात. आणि तू ते मला हसत हसत लिहितेस, इन्स्पेक्टर म्हणून.

उरलेल्या कापडाचा तुला फ्रॉक शिवला होता, तो तू कधीच घातला नाहीस. मी तुला हट्टी म्हटलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायची माझी ही पद्धत.

आता तुझं. दूध डाव्या बाजूला सांडलं. डब्याचा कोपरा कुठल्या बाजूचा ते तू लिहिलं नाहीस, पण मी शिंपीण आहे, मला कापलेल्या कपड्यावरून कात्री कळते. डाव्या ना? दुखायला लागलं नव्हतं, हेही तूच लिहिलंस. तुला दिसलं नाही. तुला दिसत नाही हे तुला आधीपासून माहीत आहे, आणि डॉक्टरीणबाईंना तू नाही म्हणालीस.

माझ्या कात्रीखाली कापड होतं. तुझ्या डब्याखाली माणूस आहे.

चुकलं माझं. हे लिहायला मला सत्तरी गाठावी लागली, तेव्हा अक्षर बरं नाही.

तुझी,
आई


दि. ५ मार्च

ती. आईस,

नमस्कार वगैरे आज राहू दे. मला तुझा भयंकर राग आला आहे.

मी आजही स्वप्नात ते टेबल हलवते. माझं लग्न ठरलं तेव्हा मी झगा तयार घेतला, कारण तुला कापायला सांगायची मला भीती वाटली. माझ्यामुळे एका बाईच्या लग्नाचं कापड गेलं, म्हणजे मी निष्काळजी, म्हणजे माझ्या हाती काही देऊ नये, असं मी धरून चालले. आणि गंमत बघ, शेवटी काम कुठलं निवडलं? चाळीस टनाचा डबा बोटभर जागेत ठेवायचं. कुणाला काय सिद्ध करून दाखवत होते, मलाच कळत नव्हतं.

तू एक वाक्य बोलली असतीस तर पुरलं असतं. त्याच रात्री, अंथरुणात, फक्त मला.

हो, डावा कोपरा. रेघ आली होती. डब्याचा नंबर वाचत होते आणि पहिली चार अक्षरं नव्हती. मला वाटलं, अंदाजाने जाईल. तेच शब्द, आई. तुझ्या पत्रात ते वाचले. गोळीचा कागदही मग उघडला. डोळ्यांपुढे अशा रेघा येणाऱ्या बाईने ही गोळी घेऊ नये, मेंदूचा झटका येण्याचा धोका वाढतो, असं तिसऱ्याच ओळीत आहे. मी पंधरा दिवस घेते आहे.

शिट्टीच्या बाबतीत मी तेच केलं जे तू माझ्या बाबतीत केलंस. आणि तो तेच म्हणाला जे मी म्हणाले.

सांगितलं तर क्रेन जाईल. नऊ वर्षं जातील. अजून मी काही ठरवलेलं नाही. लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

धाकटी


दि. ९ मार्च

चि. धाकटीस,

राग धर. हक्काचा आहे, पुरवून वापर, माझ्यानंतरही उरेल.

पण गोळी आजच बंद कर आणि त्या बाईंकडे जा. पत्र वाचून झालं की लगेच जा, चहा नंतर. दादाला फोन करायला सांगणार होते, पण मग तो विचारणार की काय झालं, आणि हे पहिल्यांदा तू सांगायचं की मी, हे तू ठरव. तू म्हणशील तर मी दादाला, वहिनीला, सगळ्यांना सांगेन. ती नर्स अजून आहे, तिच्या मुलीकडे राहते. मी काल तिच्याकडे जाऊन सांगून आले. तिने आधी दोनदा मोठ्याने सांगायला लावलं, तिलाही ऐकू येत नाही. नंतर तिने विचारलं की ती पोरगी आता काय करते.

मी सांगितलं.

आई


दि. २१ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गोळी मी सहा तारखेलाच बंद केली होती, तुझ्या हुकुमाची वाट पाहिली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो आपल्या घराण्याचा पीळ आहे. पण बाईंकडे जायला तुझं पत्र यावं लागलं.

बारा तारखेला गेले. सरळ सांगितलं की मागच्या वेळी खोटं बोलले. वाटलं होतं रागावतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की किती वर्षं होतं आहे. मी म्हटलं, सोळाव्या वर्षापासून. मग त्यांनी गोळीबद्दल जे ऐकवायचं ते ऐकवलंच, अगदी आई असल्यासारखं. आता दुसरं औषध दिलंय, त्यात ते धोक्याचं संप्रेरक नाही, आणि दुखायच्या दिवसांच्या आधीपासून घ्यायच्या वेगळ्या गोळ्या. वही ठेवायची आहे, कधी रेघ आली, किती वेळ राहिली, मग काय दुखलं. परवा पहिला फेरा येऊन गेला. दुखलं, पण फरशीवर पडावं लागलं नाही. रेघ आली होती. सतरा मिनिटं. मी खुर्चीत बसून घड्याळात बघत होते, तेवढंच काम.

फिटनेसच्या कागदाचं त्यांनी तिथेच सांगितलं. क्रेन बंद. सलग सहा महिने रेघ आली नाही तर पुन्हा तपासतील, आणि तेव्हाही हो म्हणतील असं नाही. मी विनवणी केली नाही. बाहेर येऊन बाकावर बसले आणि भोकाड पसरलं, दवाखान्यातल्या शिपाईणबाईंनी पाणी आणून दिलं. पैज लावणारे आता जिंकले म्हणायचे, फक्त उतरताना नाही रडले.

मग मुकादमांकडे गेले. खूण वेळेवर आली होती, मला दिसली नाही, असं लिहून दिलं आणि सही केली. हात दाखवून अवलक्षण, असं मुकादम म्हणाले, गोष्ट मिटत आली होती. मी म्हटलं, शिट्टीच्या नावावर मिटत आली होती. माझ्या वर्षाच्या शेऱ्यात आता लाल शाई लागणार. शिट्टीला मी गोदामात जाऊन सांगितलं. त्याचा विश्वासच बसेना. तीनदा म्हणाला की नाही ताई, माझंच लक्ष नसेल. शेवटी मी त्याच्यावर ओरडले, की बाबा रे, तू काही केलं नाहीस, तुझं काही चुकलं नाही, माझी चूक मला परत दे. तेव्हा त्याने हातातले मोजे खाली ठेवले. मग म्हणाला की एक महिना झोप नव्हती. आता तो पुन्हा बंदरावर आहे, त्याची शिट्टी नियंत्रण कक्षापर्यंत ऐकू येते. मी सध्या तिथेच आहे. कुठला डबा कुठे जायचा ते पडद्यावर ठरवायचं. मामांनी माझी क्रेन घेतली आहे. वरून रोज सकाळी एकदा भोंगा देतात, मला. खिडकीतून बघवत नाही, तरी मी बघते.

चिमणीला रविवारी सांगितलं. टेबलाशी बसवलं आणि म्हटलं की दूध तू नाही सांडलंस, आईला कपाची ती बाजू दिसली नव्हती, आणि आईने तुझ्यावर ढकललं. मग तिने विचारलं की अजून कशाकशात माझं नव्हतं. बसले मग आठवत. दोन गोष्टी निघाल्या. तिसरी, भिंतीवरची रंगाची रेघ, ती मात्र तिचीच होती असं तिने स्वतःहून कबूल केलं.

राग अजून आहे. गेला असं लिहिणार नाही. पण तू या वयात नर्सच्या दारात उभी राहून दोनदा मोठ्याने सांगितलंस, ते मला कामावर मधूनच आठवतं आणि डोळे भरून येतात. तू इकडे ये. महिनाभर राहा. मला आता चारला सुटी होते, आयुष्यात पहिल्यांदाच. चिमणीला शाळेच्या कार्यक्रमासाठी फ्रॉक हवा आहे, पांढरा. कापड मी घेऊन ठेवलंय. तयार नाही घ्यायचा, तू कापायचा. कात्री तुझी आण, इथली नीट कापत नाही.

खाली चिमणीला दोन ओळी लिहायच्या आहेत, तिला जागा सोडते. आणि माया पातळ नको म्हणाली होतीस, तर सांगते, घट्टच आहे, फक्त थोडी करपली होती.

तुझी,
धाकटी


प्रिय आजी,
सा. न.

आई म्हणाली तू येणार. यंत्र आण कारण मला खूप सांगायचं आहे. माझा नवा दात अर्धा आला. आमचं टेबल थोडं डुगडुगतं, बाबाने खाली कागद घातला तरी डुगडुगतं. पण तू घाबरू नको. तू फ्रॉक कापशील तेव्हा टेबल एका बाजूने आई धरणार आहे आणि दुसऱ्या बाजूने मी. आम्ही दोघींनी काल धरून बघितलं. अजिबात हललं नाही.

तुझी,
चिमणी